जळाऊ लाकूड, एक नग

साहेबराव ओव्हाळवर कंपनीने ठेवलेला पहिला आरोप असा होता, की त्याने जळाऊ लाकूड जाळलं नाही. पितळेच्या चोरीचा आरोप त्याच कागदावर खाली, दुसऱ्या क्रमांकाला होता. पण वाचणारे पहिल्याच ओळीवर अडखळत आणि पुन्हा वरून वाचायला लागत. साहेबरावने तो कागद नऊ वेळा वाचला. दहाव्यांदा त्याने तो बायकोकडून, कस्तुराकडून, वाचून घेतला, कारण तिच्या तोंडून ऐकला तर मजकूर जरा सौम्य होईल अशी त्याला आशा होती. पण कस्तुरा सातवी पास होती आणि तिचं वाचन खणखणीत होतं. ‘आपणांस नोकरीवरून कमी का करण्यात येऊ नये’ इथपर्यंत सगळ्या चाळीने ते ऐकलं.

आता हे जळाऊ लाकूड काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. चिंचवडच्या पुढे पवनेच्या काठाला असलेल्या त्या कंपनीत परदेशातून यंत्रं यायची आणि ती लाकडी खोक्यांतून यायची. खोकं म्हणजे केवढं, तर त्यात चाळीतली एक खोली संसारासकट मावावी. लाकूड विलायती देवदाराचं. गाठ नाही, भेग नाही. खोकं फोडलं की फळ्या कामगारांना गेटपासावर घरी न्यायला मिळत. त्या पासावर कधीकाळी कुणा कारकुनाने ‘जळाऊ लाकूड’ असं लिहिलं आणि पुढे सगळे तेच लिहीत राहिले. जाळत मात्र कुणीच नव्हतं. आसपासच्या चाळींतले पलंग, पाळणे, पाट, मांडण्या, कोंबड्यांची खुराडी, सगळं त्याच लाकडाचं होतं, आणि सगळ्यावर काळ्या शाईत खोक्यांवरच्या खुणा होत्या: वरची बाजू दाखवणारा बाण, आणि आत फुटणारी वस्तू आहे हे सांगणारा काचेचा पेला. शेजारच्या सोपानरावांनी केलेल्या देवघरात हा पेला नेमका विठोबाच्या पायाखाली आला होता. सोपानराव माळकरी. पाहुण्यांचा गैरसमज नको म्हणून त्यांनी त्याच्यापुढे कायमची एक पणती ठेवली होती.

साहेबराव पॅकिंग खात्यात सुतार होता. आलेली खोकी फोडायची आणि जाणाऱ्या मालासाठी नवी ठोकायची, हे त्याचं काम. हात असा, की त्याने ठोकलेलं खोकं बोटीवरून पडलं तरी उघडत नसे. पण हातात जेवढं बळ होतं तेवढं काळजात नव्हतं. सिनेमाच्या थेटरात त्याच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसलेला दिसला, तर तो भिंतीला टेकून उभ्याने सिनेमा बघायचा आणि मध्यंतरात त्या माणसाला वर चहा विचारायचा. युनियनच्या सभेत तो हात वर करायचा, पण बाकीच्यांचे खाली आल्यावर. नावात साहेबही होता आणि रावही होता, पण दोघांचाही त्याला काही उपयोग झाला नव्हता.

अशा माणसाला सर्फिंगचा नाद लागला, आणि तो लावला टेडसाहेबांनी. हे ऑस्ट्रेलियाचे फिटर, एक मोठा प्रेस बसवायला सहा महिने आले होते. साहेबराव त्यांची खोकी फोडायचा. एक दिवस त्यांनी खिशातून फोटो काढला. समुद्राची लाट, लाटेवर फळी आणि फळीवर चक्क उभे टेडसाहेब. साहेबरावने फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं ते एकच, फळी कसली आहे? साहेब खूश झाले. त्यांनी खोक्याच्या पाठीवर खडूने चित्र काढून दिलं: आत बरगड्या, वर पातळ पट्ट्या, मधे पोकळ, म्हणजे हलकी, आणि शेपटाला एक छोटं बूच, आत झिरपलेलं पाणी काढायला. मग ते टेबलावर चढले, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेबराव! स्टँड अप!" साहेबराव आधीच उभा होता, म्हणून त्याने नुसती मान हलवली.

फळी चाळीच्या गॅलरीत तयार झाली. नऊ फूट लांब. तिला तीन महिने आणि बत्तीस बिऱ्हाडांचे सल्ले लागले. सोपानराव म्हणाले, "एवढ्या लाकडात दोन जणांचा पलंग होतोय. मधी चार पाय ठोक आन् मोकळा हो." खालच्या सुमनताईंना ती पापड लाटायला हवी होती. कुणी म्हणालं होडी कर, कुणी म्हणालं मेलेल्या माणसाला न्यायला बरी आहे, रुंदीला बरोबर आहे. साहेबराव सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणाला आणि रंधा मारत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो लोकांना हो म्हणून आपल्या मनासारखं करत होता. शेवटचा रंधा मारायला आणि टेडसाहेबांना दाखवायला फळी तीन वेळा कंपनीत गेली आणि तीन वेळा परत आली, दर वेळी रीतसर गेटपासावर: ‘जळाऊ लाकूड, एक नग’. टेडसाहेबांनी तिच्यावर हात फिरवला, साहेबरावचा हात हातात घेऊन खूप वेळ हलवला आणि पुढच्या आठवड्यात ते आपल्या देशाला निघून गेले.

समुद्र चिंचवडपासून लांब, म्हणून साहेबरावने रावेतचा बंधारा गाठला. बंधाऱ्यावरून पाणी उतरणीने खाली येतं आणि पायथ्याशी एक लाट जागच्या जागी उभी राहते. पुढे जात नाही, मागे येत नाही. फळी तिच्यावर तोंड वर करून लावली तर पाणी खालून निघून जातं आणि फळी तिथेच तरंगत राहते. सुतार माणूस, त्याला हे दोन दिवसांत कळलं. पण लाटेचा जोर मधे, आणि साहेबराव काठाला. काठाला पाणी गुडघाभर होतं. तिथे तो पालथा पडायचा, दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरायचा, आणि डाव्या पायाला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधलेलं असायचं. जगात सर्फर पुष्कळ असतील. बाभळीला बांधलेला बहुधा हा एकटाच. पहिली शिफ्ट सुटली की चार वाजता तो यायचा, तासभर पालथा पडायचा आणि आनंदाने घरी जायचा. उभा राहायचा विचार रोज मनात यायचा आणि रोज तो उद्यावर टाकायचा. कस्तुरा एकदाच बघायला आली होती. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसल्या, तेव्हा ती न बोलता निघून गेली, ती पुन्हा आली नाही. हे त्याला फार लागलं होतं.

दोन पावसाळे असे सुखात गेले असते. पण भाद्रपदात कंपनीच्या स्टोअरमधून पितळी बुश कमी भरू लागले. बुश म्हणजे यंत्रात बसवायचं पितळेचं जाड कडं. मुठीएवढं, पण हातात घेतलं की मनगट खाली जातं. तपास सिक्युरिटी ऑफिसर यशवंतराव निकमांकडे आला. यशवंतराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. इस्त्री अशी, की पँटच्या घडीने भाजी चिरावी. त्यांनी गेटचं रजिस्टर काढलं, मागच्या दोन-तीन वर्षांची पानं उलटली आणि त्यांना एक जळाऊ लाकूड सापडलं, जे तीन वेळा बाहेर गेलं होतं आणि तीन वेळा आत आलं होतं.

"एकदा जळालेलं लाकूड परत कसं येतं रे, ओव्हाळ?"

साहेबरावने दोन्ही हात पसरून फळीची लांबी दाखवली.

फळी मागवण्यात आली. यशवंतरावांनी तिच्यावर छडी वाजवली. फळी ढब्ब वाजली.

"पोकळ!" यशवंतराव म्हणाले. मग त्यांना बूच दिसलं. "आणि हे माल भरायचं भोक!"

"साहेब, त्यातून करंगळीबी जात न्हाई."

"ते चौकशीत ठरेल."

चौकशी दसरा झाल्यावर. त्या दिवशी मॅनेजरसाहेबांसमोर करवतीने फळी मधोमध कापून आत काय आहे ते बघायचं, आणि मग साहेबरावचं काय करायचं ते ठरवायचं, असं नक्की झालं. तोवर फळी जप्त. बुचावर लाखेचं सील, फळीला सुतळीचा फास, सुतळीला चिठ्ठी. पण नऊ फुटांचा मुद्देमाल सिक्युरिटीच्या केबिनमध्ये मावेना. दार लागेना, आणि उघड्या दारातून फळीचं नाक बाहेर येऊन साहेब लोकांच्या गाडीला आडवं जाऊ लागलं. शेवटी यशवंतरावांनी नियमाप्रमाणे मार्ग काढला. जप्त माल सुरक्षित ठेवण्यासाठी पॅकिंग खात्यातील सुतार साहेबराव ओव्हाळ यांच्या ताब्यात देण्यात आला, आणि तो नीट सांभाळीन अशी आरोपीची सही घेण्यात आली. साहेबराव इतका सरळ, की त्यानंतर तो त्या सुतळीला वाऱ्यानेसुद्धा धक्का लागू देत नव्हता.

इकडे चाळीत हाहाकार उडाला. लाकूड जाळलं नाही म्हणून माणसाची नोकरी जाते म्हटल्यावर बत्तीस बिऱ्हाडांनी आपापल्या खोलीत नजर फिरवली. पलंग दिसला, पाळणा दिसला, प्रत्येकावर पेला आणि बाण. संध्याकाळपर्यंत पलंग सुटे झाले. फळ्या गाद्यांखाली गेल्या. सुमनताईंनी मांडणीला साडी गुंडाळली आणि कुणी आलं तर बाळंतीण निजली आहे म्हणून सांगायचं ठरवलं. सोपानरावांची कुचंबणा सगळ्यांत मोठी. देवघर जाळता येत नाही आणि लपवावं तर देवालाच लपवल्यासारखं होतं. ते साहेबरावच्या दारात येऊन बसले.

"साहेबराव, एक अर्ज कर. लिही, चुकून जाळायचं राहिलं. आज जाळतो."

"फळी जाळू?"

"एक तू जाळ. म्हंजी बाकीच्यांचं जळलंय असं धरत्याल."

रात्रभर कुणालाच धड झोप लागली नाही, कारण सगळेच जमिनीवर होते.

साहेबरावला एक गोष्ट माहीत होती, आणि ती त्याने फक्त कस्तुराला सांगितली होती. बंधाऱ्याखाली काठाला पालथा पडलेल्या माणसाला नदी अगदी पाण्याच्या पातळीवरून दिसते. रोज चारच्या सुमाराला कंपनीच्या मागच्या गेटातून कॅन्टीनच्या खरकट्याची दोन पिंपं हातगाडीवरून घाटावर यायची आणि होडीतून पलीकडच्या म्हशींच्या गोठ्यावर जायची. कॅन्टीनचा कंत्राटदार हिंदुराव, गोठाही त्याचाच. माणूस गोड. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचा. गेटवर सगळ्यांची झडती व्हायची, जेवणाचे डबेसुद्धा उघडायला लागायचे, पण खरकट्याच्या पिंपात कोण हात घालणार? दुसऱ्याच्या उष्ट्याला शिवायचं म्हणजे पहारेकऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. ते नाकाला रुमाल लावून लांबूनच "जा, जा" म्हणायचे. रोज होडी पाण्यात वीतभर बसायची. पण बुधवारी, म्हणजे गुरुवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ती दीड वीत बसायची. साहेबरावने आयुष्यभर खोक्यांत माल भरला होता. भाताने होडी एवढी बसत नाही, हे त्याला नदीच्या आरपार कळत होतं.

"मग सांगा की साहेबाला," कस्तुरा म्हणाली.

"हिंदुरावांची वर ओळख हाय."

"आन् तुमची?"

साहेबरावने पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला.

"तुमची त्या बाभळीशी हाय," कस्तुरा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "चोराची बायको म्हणून मी या चाळीत ऱ्हानार न्हाई. तुमी चोर न्हाई, म्हणून तर म्हणते."

खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत यंत्रं बंद असतात. पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते, कामगारांची बायकामुलं नटून कंपनी बघायला येतात आणि कॅन्टीनमध्ये मोठं जेवण असतं. साहेबरावच्या घरी पूजाअर्चा नव्हती, पण त्या दिवशी तोही आपल्या पटाश्या आणि रंधे घासूनपुसून लख्ख मांडून ठेवायचा. हत्याराला तेल लावायचं म्हणजे त्याच्या हिशेबी हाताचा मान होता. खात्यातल्या पोरांनी गंमत म्हणून जप्त फळीलाही झेंडूचा हार घातला. लाखेच्या सीलवर हळदीकुंकू वाहिलं. त्याने डोळे भरून फळीकडे पाहिलं. परवा ती करवतीखाली जाणार होती, आणि तिच्याबरोबर त्याचं नाव.

जेवणं झाली. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी. आज खरकटं रोजच्या चौपट होणार, झडतीकडे कुणाचं लक्ष नाही, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. साहेबरावने ताट बाजूला सारलं. तो उठला आणि थेट यशवंतरावांपुढे जाऊन उभा राहिला. यशवंतरावांच्या कपाळावर टिळा होता आणि हातात जिलबी.

"साहेब, एक सांगायचंय."

"अर्ज लिही."

"खरकट्याच्या पिंपात पितळ जातंय, साहेब."

जिलबी तोंडापाशी थांबली. "कुणी पाहिलं?"

"पाहिलं न्हाई. होडी खोल बसती."

"होडी खोल बसते," यशवंतरावांनी सावकाश म्हटलं, "म्हणून मी सणाच्या दिवशी, आंघोळ करून, टिळा लावून, हजार माणसांच्या उष्ट्यात हात घालू? पुरावा आण, ओव्हाळ. हातात धरता येईल असा."

"मी घालतो की हात," साहेबराव म्हणाला. पण तोवर यशवंतराव पाठ वळवून चार पावलं गेले होते, आणि हे वाक्य एका रिकाम्या ताटाने ऐकलं.

तो कॅन्टीनच्या मागे धावला. हातगाडी गेली होती. कुंपणाच्या तारेतून खाली घाट दिसत होता. पिंपं होडीत चढत होती, शेजारी रेशमी सदऱ्यात स्वतः हिंदुराव उभा होता, आणि होडी पाण्यात पुरत्या दोन विती बसली होती. पलीकडच्या काठावर एक टेम्पो तोंड फिरवून तयार होता. पूल दोन-अडीच मैल लांब. घाटावरून पोहत गेलं तर मधला प्रवाह खाली ओढून नेणार. पण बंधाऱ्यापासून निघालं तर तोच प्रवाह होडीवर नेऊन घालेल. एवढा विचार साहेबरावच्या डोक्याने केला, आणि पायांनी बाकीचा केला नाही. तो पॅकिंग खात्यात शिरला, एक पटाशी कमरेला खोचली, फळी हारासकट डोक्यावर घेतली आणि मागच्या गेटाशी आला.

"पास?" पहारेकरी म्हणाला.

नोकरीच्या अकरा वर्षांत साहेबराव पासाशिवाय कंपनीतून खिळासुद्धा घेऊन गेला नव्हता. नदी पुढे होती, लाट पुढे होती, पण खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड जागा ती होती. पहारेकऱ्याने हात पुढे केला.

"येताना दावतो," साहेबराव म्हणाला आणि निघाला.

पहारेकऱ्याला हे नियमात कुठे बसतं ते आठवेना. आठवलं तेव्हा त्याने शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून यशवंतराव धावले. आरोपी मुद्देमाल घेऊन पळतो आहे म्हटल्यावर ते ओरडत सुटले, आणि ते ओरडले म्हणून जेवून सुस्तावलेली सगळी कंपनी, नऊवारी आणि पाचवारी, कडेवरच्या पोरांसकट त्यांच्यामागे निघाली. सगळ्यांत पुढे साहेबराव, डोक्यावर झेंडूचा हार घातलेली नऊ फुटी फळी. लांबून एखादी वरात पळत निघाल्यासारखं दिसत होतं.

बंधाऱ्याखाली पोचताच साहेबरावने एक गोष्ट केली, ती इथे न सांगितलेली बरी. पण सोपानरावांनी ती पुढे सगळीकडे सांगितली. त्याने फळी खाली ठेवली, बाभळीला लोंबणारी दोरी घेतली आणि डाव्या पायाला व्यवस्थित गाठ मारली. दोन वर्षांची सवय. मग तो पाण्यात शिरला, पालथा पडला आणि हातांनी वल्हवत काठापासून निघाला, गुडघाभर पाण्याच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे, आणि वीस हातांवर दोरी ताठ झाली. फळी गचकन थांबली. समोर मधली लाट पांढरी होऊन उसळत होती. धरणातून पाणी सोडलं होतं, लाटेचा आवाज पोटात जाणवत होता. मागे बाभूळ होती. साहेबरावने एकदा मागे पाहिलं. काठावर यशवंतराव शिट्टी वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी नव्या हिरव्या लुगड्यात, तोंडावर हात ठेवून, कस्तुरा उभी होती.

त्याने कमरेची पटाशी काढली आणि दोरी कापली. पटाशीला सकाळीच धार लावलेली, दोरी एकाच घावात तुटली.

प्रवाहाने फळी उचलली ती लाटेच्या माथ्यावरच नेली. पालथ्या माणसाला पाण्याच्या भिंतीशिवाय काही दिसेना. होडी कुठे आहे, उजवीकडे की डावीकडे, कळेना. ते कळायचं असेल तर एकच उपाय होता. साहेबरावने आधी एक गुडघा घेतला. मग दुसरा. टेडसाहेब टेबलावर जसे होते तसे दोन्ही हात पसरले, आणि तो उभा राहिला. पायाखाली फळी थरथरत होती, पण तिची एकेक बरगडी त्याने स्वतः बसवली होती आणि ती त्याला सोडणार नाही हे त्याच्या तळव्यांना कळलं. पुढे सगळी नदी दिसली. होडी दिसली. त्याने फळीचं नाक होडीकडे वळवलं, आणि लाटेने त्याला प्रवाहात सोडून दिलं. भीती वाटत होती, पण ती कुठेतरी बाजूला होती, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असावं तशी. तो किती वेळ उभा होता याबद्दल चाळीत आजही एकमत नाही. पहारेकरी दहा सेकंद म्हणतो, सोपानराव पाच मिनिटांच्या खाली यायला तयार नाहीत.

"बाजूला व्हा!" साहेबराव ओरडला. वाटेत येणाऱ्याला बाजूला हो म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

हिंदुरावने मान वर केली. लाटेवर उभा असलेला सुतार आपल्याकडे येतो आहे हे दृश्य त्याने आधी पाहिलेलं नव्हतं. तो होडीत उठून उभा राहिला, आणि दोन विती बुडालेल्या होडीत उभं राहू नये. फळीचं नाक होडीच्या कुशीत बसलं. होडी कलली, पाणी आत आलं आणि ती अलीकडच्या बाजूला छातीभर पाण्यात सावकाश तळाला टेकली. एक पिंप लवंडलं. पवनामाईत मसालेभाताचं बेट तयार झालं. जिलब्या तरंगत खाली निघाल्या. आणि भाताच्या मागून दणादण, एकामागून एक, होडीच्या तळावर पितळी बुश गडगडले. काठावरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा तो आवाज ऐकू गेला.

साहेबराव पाण्यात उभा होता. धापा टाकत त्याने उरलेल्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. त्याच्या आईने वीस वर्षं लोकांची उष्टी भांडी घासून त्याला वाढवलं होतं. उष्ट्याने हात भिजतो, बाटत नाही, हे त्याला घरातूनच ठाऊक होतं. त्याने बुश बाहेर काढला, त्यावरची शितं झटकली आणि हात उंच धरला.

"साहेब! पुरावा आणलाय! या घ्यायला!"

यशवंतराव काठावर थांबले. त्यांनी आपल्या इस्त्रीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग बूट न काढता ते पाण्यात उतरले, छातीभर पाण्यातून होडीपर्यंत गेले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्याच पिंपात स्वतःचा हात घातला. दोन बुश काढले. ते खिशात ठेवून त्यांनी टाचा जुळवल्या, चिखलात जेवढ्या जुळतील तेवढ्या, आणि शितं लागलेल्या हाताने साहेबरावला कडक सॅल्यूट ठोकला. हिंदुराव तोवर पोहत पलीकडे पोचून टेम्पोकडे निघाला होता. पण रेशमी सदरा ओला झाला की माणसाला पळता येत नाही. धुणं धुणाऱ्या बायकांनी त्याला धोपटण्यांसह काठावर बसवून ठेवला.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलीस आले, पंचनामा झाला, त्यात जिलब्यांचीही नोंद झाली. साहेबरावला कंपनीकडून एकाच दिवशी दोन कागद मिळाले: एक मॅनेजरसाहेबांच्या सहीचं कौतुकाचं पत्र, आणि दुसरा मेमो, की आपण पासाशिवाय गेटबाहेर गेलात आणि सील ओलं केलंत, तरी पुन्हा असे करू नये. कस्तुराने दोन्ही कागद एकाच चौकटीत बसवून घेतले. चौकट देवदाराची आहे आणि कोपऱ्यात पेला आहे. जळाऊ लाकूड जाळलंच पाहिजे असं नाही, असं परिपत्रक निघालं तेव्हा चाळीतले पलंग पुन्हा उभे राहिले आणि सुमनताईंची बाळंतीण उठली.

फळीचं नाक फुटलं होतं. दुरुस्तीला तुकडा हवा होता, म्हणून साहेबराव गेटवर गेला. पास यशवंतरावांनी स्वतःच्या हाताने लिहिला. तपशिलाच्या रकान्यात त्यांनी सवयीने ‘जळाऊ’ एवढं लिहिलं, थांबले, ते खोडलं आणि नव्याने लिहिलं: ‘साहेबराव ओव्हाळ यांच्या फळीसाठी लाकूड, एक नग.’ साहेबरावने खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि ती रकान्याच्या बाहेर गेली.

पुढच्या गुरुवारी तो बंधाऱ्यावर पोचला तर काठ माणसांनी भरलेला. बत्तीस बिऱ्हाडं, पॅकिंग खातं, आणि एका दगडावर इस्त्री सांभाळत यशवंतराव. एकदा काय, रागाच्या भरात कुणीही उभा राहील. आज होडी नव्हती, चोर नव्हता, नुसती नदी होती. त्याची पावलं आपोआप बाभळीकडे वळली. बाभळीला दोरी नव्हती.

"ती मी कपडे वाळत घालायला नेली," कस्तुरा म्हणाली. "चला. एवढी मानसं आनलीत मी."

तो पाण्यात उतरला. काठाची गुडघाभर जागा ओलांडली, लाटेवर फळी लावली, एक गुडघा घेतला, दुसरा घेतला, आणि उभा राहिला. पलीकडच्या काठावर नवीन लग्न होऊन आलेली कुणी मुलगी धुणं टाकून विचारत होती, हा कोण गं? कस्तुराने ते ऐकलं. ती पाण्याच्या अगदी कडेला गेली आणि ज्या आवाजात तिने चाळीला तो कागद वाचून दाखवला होता, त्याच खणखणीत आवाजात तिने नदीपार सांगितलं:

"साहेबराव ओव्हाळ! पॅकिंग खातं! माझे मालक हायेत ते!"